रक्तातल्या तीन पेशी : लिव्हर कॅन्सर लवकर शोधण्याच्या सीटीसी (रक्तात फिरणाऱ्या ट्यूमरच्या पेशी) अभ्यासात भाग घेतला त्या वर्षाची गोष्ट

ज्यांना हेपटायटिस बी किंवा सिऱ्होसिसमुळे (लिव्हर व्रणांनी कडक होणं) दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करायला सांगितलंय आणि ज्यांना कुणीतरी "एका ट्यूब रक्तातून कॅन्सर आधीच कळतो" असं फॉरवर्ड केलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी शोधत होते तेव्हा एकतर जाहिराती सापडायच्या नाहीतर डोक्यावरून जाणारे पेपर, ज्याने स्वतः ती ट्यूब दिलीय अशा माणसाचं काहीच नाही. मी डॉक्टर नाही, सगळी नोकरी हिशेबाच्या खात्यात झाली, त्यामुळे औषधोपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त काय काय झालं ते ओळीने सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्हा दोघा भावंडांना हेपटायटिस बी आईकडून आलाय, जन्माच्या वेळीच. दादाने एकदा रक्तदान केलं तेव्हा त्याचं रक्त नाकारलं गेलं आणि मग सगळ्या घराच्या टेस्ट झाल्या, तोवर कुणाला पत्ताच नव्हता. आमच्या लहानपणी बाळांना ही लस मिळत नव्हती. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि १९९७ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर खरोखर कमी झाला. माझ्या मुलांना जन्मतःच लस दिलीय, त्यामुळे ती काळजी नाही. मी बरीच वर्षं टेनोफोव्हिर हे व्हायरस दाबणारं औषध घेते, व्हायरस रक्तात जवळजवळ सापडत नाही, पण आधी जे नुकसान व्हायचं ते झालंच होतं, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) १४ च्या आसपास म्हणजे सिऱ्होसिस. लिव्हर काम करतंय, पोटात पाणी नाही, कावीळ नाही. तरी कॅन्सरचा धोका राहतोच, आणि हेपटायटिस बी मध्ये तर सिऱ्होसिस नसतानाही राहतो कारण हा व्हायरस स्वतःचा डीएनए लिव्हरच्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसवतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी नावाची रक्ततपासणी. ज्यांना "औषध चालू आहे ना मग झालं" असं वाटतं त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

जानेवारीतली सोनोग्राफी नेहमीसारखीच सुरू झाली. उपाशीपोटी, थंडगार जेल, "श्वास घ्या, धरा, सोडा". मग त्या मॅडमचा हात उजव्या बरगड्यांच्या मधे एका जागी थांबला. पुढे सरकला, परत तिथेच आला. "डाव्या कुशीवर वळा, अजून एकदा मोठा श्वास", आणि माउसने टिक टिक करत काहीतरी मोजणं चालू. ज्यांनी ही तपासणी नियमित केलीय त्यांना माहितीये की ते मोजण्याचे टिक टिक ऐकू आले की काय होतं. रिपोर्टमध्ये आलं, लिव्हरच्या सहाव्या सेगमेंटमध्ये म्हणजे भागात ८ मिमीची काळपट दिसणारी गाठ. एएफपी ९, म्हणजे नॉर्मल, साधारण २० च्या वर गेली तर लक्ष द्यायचं असतं. पण एएफपी नॉर्मल आहे म्हणून सुटलो असं नसतं, बऱ्याच लिव्हर कॅन्सरमध्ये ती वाढतच नाही.

लिव्हरच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असेल तर तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी करायची, सिऱ्होसिसमध्ये लिव्हर आधीच गाठीगाठींचं झालेलं असतं आणि एवढ्या लहान बहुतेक गाठी कॅन्सर नसतात. मी म्हटलं तीन महिने नुसतं बसायचं? ते म्हणाले, "बसू नका, फिरायला जा, पण तारीख चुकवू नका."

घरी आले तर जावेने आधीच एका टेस्टची जाहिरात पाठवून ठेवलेली, कॅन्सर गाठ व्हायच्या आधी रक्तात पकडा, रिपोर्ट घरपोच. किंमत बघितली तर एमआरआय त्यापुढे स्वस्त वाटावी. मी प्रिंट काढून फाइलला लावली आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली (पूर्ण वाचली, हे मला आवडलं) आणि म्हणाले की यातली मूळ कल्पना खरी आहे, विकण्याची पद्धत घाईची आहे.

कल्पना अशी. कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटून रक्तात येतात, त्यांना सीटीसी म्हणतात, रक्तात फिरणाऱ्या ट्यूमरच्या पेशी. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने कॅन्सरने गेलेल्या एका रुग्णाच्या रक्तात मायक्रोस्कोपखाली गाठीतल्यासारख्याच पेशी बघितल्या, म्हणजे गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे. अडचण सापडण्याची आहे. एक मिली रक्तात सुमारे पाचशे कोटी लाल पेशी आणि लाखांनी पांढऱ्या पेशी, त्यात या असल्या तर एक-दोन, आणि तासा-दोन तासात निम्म्या नाहीशाही होतात. त्या मोजणारं एक मशीन अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, २००४ मध्ये मान्य केलं, पण ते पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज बांधायला, नंतर मोठ्या आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीही तसंच. जिथे कॅन्सर आहे की नाही हेच माहीत नाही तिथे तो शोधायला ती मान्यता नव्हती. आणि लिव्हरची वेगळीच भानगड, ते मशीन पेशीच्या अंगावरच्या एपकॅम नावाच्या प्रोटीनला धरून पेशी ओढून काढतं आणि लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच पेशींवर ते प्रोटीन नसतंच. हूकच नाही तर अडकवणार कशाला.

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे असाच एक अभ्यास चालू आहे, सिऱ्होसिसवाल्या लोकांचं सोनोग्राफीच्या वेळी रक्त घेऊन सीटीसी मोजायच्या आणि पुढे कुणाला कॅन्सर होतो ते बघायचं. टेस्टचे पैसे नाहीत. पण त्याने तुमचा फायदा होईलच असं नाही, हे ते दोनदा म्हणाले. मला तेव्हा वाटलं होतं विनय आहे, नंतर कळलं की अगदी शब्दशः खरं होतं.

फेब्रुवारीत कन्सेंटसाठी, म्हणजे लेखी संमतीसाठी गेले. यात अर्धा दिवस जातो, कामावर सुट्टी टाकूनच जा. माहितीपत्रक बऱ्यापैकी जाड, प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख आणि वेळसुद्धा आपल्याच हाताने लिहायची, ती दुसऱ्याने लिहिली तर फॉर्म बाद. को-ऑर्डिनेटर मुलगी फार गोड होती, "काकू, घाई करू नका, घरी नेऊन वाचा" म्हणाली आणि मी खरंच घरी नेलं. काय बघायचं ते सांगते. रक्त किती वर्षं साठवणार आणि दुसऱ्या कामासाठी वापरणार का, याला वेगळी सही असते, नको असेल तर नाही म्हणता येतं. कधीही बाहेर पडता येतं का आणि बाहेर पडल्यावर नेहमीच्या उपचारावर परिणाम होत नाही असं स्पष्ट लिहिलंय का. टेस्ट फुकट म्हणजे नक्की काय काय फुकट, कारण माझ्या फॉर्ममध्ये सीटीसीची ट्यूब फुकट होती पण त्यात काही सापडलं म्हणून पुढे एमआरआय केली तर ती माझी मी. आणि एथिक्स कमिटीचा संपर्क क्रमांक आहे का.

त्यातच एक चौकोन होता. "वैयक्तिक निकाल मला कळवावा : होय / नाही." खाली बारीक अक्षरात की हा निकाल संशोधनासाठी आहे, त्यावरून उपचार ठरवले जाणार नाहीत. यावरून घरात दोन दिवस चर्चा. नवरा म्हणाला घ्यायचाच, माहिती आहे तर का नाकारायची. दादाही त्याच अभ्यासात होता, त्याने सरळ नाहीवर टिक केली, म्हणे ज्या आकड्याचं डॉक्टरसुद्धा काही करणार नाहीत तो माझ्या उशाशी कशाला. मी होयवर केली. मला रकाना रिकामा दिसला की झोप येत नाही, स्वभाव.

रक्त देण्याचा प्रकार नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे म्हणून नीट लिहिते. सुई टोचल्यावर पहिल्यांदा जी छोटी ट्यूब भरली ती बाजूला काढली, सीटीसीला वापरायची नाही, कारण सुई आत जाताना कातडीच्या पेशी सोबत येतात आणि त्या मोजणीत घोळ घालू शकतात. मग दोन मोठ्या ट्यूब, आत आधीच पेशी टिकवणारं रसायन. भरल्या भरल्या त्या मुलीने हलवल्या नाहीत, फक्त सावकाश उलट्या सुलट्या केल्या, तोंडाने मोजत, आठ वेळा. फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत, साध्या खोलीच्या तापमानाला. मी विचारलं दोन का, तर एक ट्यूब चुंबकवाल्या पद्धतीला, म्हणजे एपकॅमवर चिकटणारे लोखंडी कण सोडायचे आणि चुंबकाने पेशी ओढायच्या, आणि दुसरी फिल्टरला, ज्यात बारीक भोकांच्या पडद्यातून रक्त जातं, लहान लवचिक पेशी निघून जातात आणि मोठ्या वर राहतात, मग त्यांना रंग देऊन बघायचं. उपाशी राहावं लागत नाही. एक महत्त्वाचं, बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) किंवा लिव्हरवर कुठलीही सुई-प्रक्रिया झाली असेल तर लगेच हे रक्त देऊ नका, धक्क्याने लिव्हरच्या पेशी रक्तात सांडतात आणि आकडा खोटा फुगतो. काय झालंय ते त्यांना आधी सांगा, ते विचारायला विसरू शकतात.

मग वाट. दोन-तीन आठवडे म्हणाले होते, मार्च संपत आला तरी काही नाही. फोन केला तर बॅच भरल्यावर लावतात. परत फोन केला तर वाचणारे डॉक्टर रजेवर, कारण मशीन फक्त फोटो काढतं, ही पेशी कॅन्सरची की नाही ते माणूसच ठरवतो, तेही दोघांनी वेगवेगळं बघून. हे ऐकून राग गेला खरं तर. पण त्या काळात मी रात्री काय काय वाचलंय ते विचारू नका.

निकाल डॉक्टरांच्या खोलीतच सांगितला, फोनवर नाही, तशी अटच होती. चुंबक ट्यूब : शून्य. फिल्टर ट्यूब : संशयास्पद पेशी तीन.

एकाच हातातून एकाच मिनिटाला काढलेलं रक्त आणि एकात शून्य, एकात तीन! मी म्हटलं यातलं खरं कुठलं. को-ऑर्डिनेटरने परवानगी काढून मला त्या तिघींचे फोटो दाखवले. निळं केंद्रक मोठं आणि वेडंवाकडं, भोवती केराटिन नावाच्या प्रोटीनला लागणाऱ्या रंगाची हिरवी कड, आणि पांढऱ्या पेशींची खूण असलेला रंग अजिबात नाही, म्हणून ही पांढरी पेशी नाही असं धरलं. शेजारी नाकारलेल्या पेशींचा मोठा ढीग होता. त्यातली एक मला तर हुबेहूब तशीच वाटली, तिने दाखवलं की हिच्यावर पांढऱ्या पेशीचा रंग हलकासा चढलाय म्हणून बाद. तिसऱ्या फोटोवर मात्र दोन वाचणाऱ्यांचं एकमत नव्हतं, एक म्हणाला हो, एक म्हणाला सांगता येत नाही, मग तिसऱ्याने बघून हो केलं. म्हणजे माझा तीन हा आकडा खरं तर अडीच होता.

घरी येऊन मी गणित मांडलं, सवयच ती. अंगात साधारण पाच लिटर रक्त, ट्यूब साडेसात मिलीची, म्हणजे साडेसहाशे-सातशेत एक भाग बघितला. समजा सरासरीने एका ट्यूबमध्ये एक पेशी यायला हवी, तरी निव्वळ नशिबाने शून्य यायची शक्यता ३७ टक्के असते. त्यामुळे शून्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही. लहान गाठ असेल तर सुटणाऱ्या पेशी आधीच कमी, त्यात लिव्हरमधून निघालेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने आधी फुप्फुसात जातं, तिथल्या केसाहून बारीक नळ्यांत मोठ्या पेशी अडकतात, उरल्यासुरल्या हाताच्या शिरेपर्यंत येणार. आणि उलट बाजूने, फिल्टरवर सापडलेली प्रत्येक मोठी पेशी कॅन्सरचीच असं नाही, सुजलेल्या लिव्हरमधून साध्या पेशीही सुटून येऊ शकतात आणि माझं लिव्हर काही नवंकोरं नाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, तीन आल्यात तर आत्ताच एमआरआय करू. त्यांचं उत्तर मला पूर्ण वर्षातलं सगळ्यात उपयोगी वाटलं. लिव्हरच्या एमआरआयचा रिपोर्ट लाय-रॅड्स नावाच्या पद्धतीने देतात, एक ते पाच, पाच म्हणजे कॅन्सरच, बायोप्सीचीही गरज नाही. पण दहा मिमीच्या खालच्या गाठीला पाच नंबर देताच येत नाही, नियमच आहे. तुमची गाठ आठची. आत्ता एमआरआय केली तर "तीन" किंवा फार तर "चार" येईल, म्हणजे असेल किंवा नसेल, आणि तुम्ही अजून एक अर्धवट कागद घेऊन घरी जाल. रक्तात पेशी दिसल्या तरी त्या कुठून आल्या ते लिहिलेलं नसतं, आणि मला सुई मारायला जागा लागते.

फ्रान्समधली एक गोष्टही त्यांनी सांगितली, ती मी नंतर शोधून वाचली. २०१४ मध्ये तिथल्या एका गटाने फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या १६८ लोकांचं रक्त फिल्टर केलं, पाच जणांत अशा पेशी सापडल्या आणि पुढच्या एक ते चार वर्षांत त्या पाचही जणांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली. सगळीकडे खळबळ. मग तेच काम फ्रान्सभर एकवीस केंद्रांत सहाशेहून जास्त लोकांवर केलं, २०२० मध्ये निकाल आला, कॅन्सर झालेल्यांपैकी फक्त २६ टक्के लोक त्या टेस्टने पकडले गेले. फिल्टर तोच, अवयव वेगळा, पण धडा लिव्हरवाल्यांनाही लागू. लिव्हरमध्ये सीटीसीचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे तो कॅन्सर आधीच सापडलेल्यांत, शांघायच्या एका गटाने २०१३ मध्ये १२३ रुग्णांत दाखवलं की ऑपरेशनआधी साडेसात मिलीत दोन किंवा जास्त पेशी असतील तर कॅन्सर परत यायचा धोका जास्त. तो प्रश्न वेगळा, माझा वेगळा.

मग सीटीसीच्या आशेवर सोनोग्राफी सोडायची का, तर तेही नाही. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात सिऱ्होसिसवाल्यांचा सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीने ४५ टक्के आणि एएफपी जोडली तर ६३ टक्के पकडला गेला. आकडा काही फार छान नाही, म्हणूनच तर सीटीसीसारख्या गोष्टींवर एवढी धडपड चालू आहे. पण आत्ता हातात जे आहे ते हेच, आणि एएफपी जोडून घ्या, ती स्वस्त असते, काही ठिकाणी सांगितल्याशिवाय लिहून देत नाहीत.

एप्रिलची सोनोग्राफी, गाठ ११ मिमी. आता एमआरआय करायचीच. इथे विम्याचा अध्याय. विमा कंपनीने पूर्वपरवानगी नाकारली, कारण लिहिलं होतं की रुग्ण संशोधन अभ्यासात आहे आणि तपासणी संशोधनाचा भाग आहे. झालं असं होतं की रेफरलच्या चिठ्ठीवर अभ्यासाचा नंबरही छापून आला होता. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घेतली ज्यात फक्त सिऱ्होसिस, गाठीचे दोन्ही माप तारखेसकट आणि नेहमीच्या मार्गदर्शक नियमांनुसार तपासणी एवढंच, अभ्यासाचा उल्लेख नाही, तेव्हा अर्धे पैसे मंजूर झाले, अर्धे मी भरले. तुम्ही कुठल्याही अभ्यासात असाल तर त्याची फाइल आणि उपचाराची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, रंगसुद्धा वेगळा.

एमआरआयच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून जा नाहीतर तिथून परत पाठवतात. लिव्हरसाठी जे खास काँट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) वापरतात त्यात शेवटचे फोटो इंजेक्शननंतर वीसेक मिनिटांनी काढतात, म्हणून वेळ लागतो. काँट्रास्ट आत गेल्यावर काही सेकंदांनी नेमका सगळ्यात महत्त्वाचा फोटो असतो आणि काहींना तेव्हाच क्षणभर दम लागल्यासारखं होतं, मला झालं. आधीच सांगून ठेवलं तर घाबरायला होत नाही. घरी श्वास सोडून पंधरा-वीस सेकंद थांबायचा सराव केला होता, त्याचा फार उपयोग झाला, नाहीतर फोटो हलतात आणि सगळं परत.

रिपोर्ट : लाय-रॅड्स तीन. रक्त भराभर ओढते पण नंतर जसा काँट्रास्ट उतरायला हवा तसा उतरत नाही. ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, लिव्हरवाले सगळे एकत्र बसतात त्या मीटिंगमध्ये, माझी केस ठेवली गेली आणि ठरलं की तीन महिन्यांनी परत. बायोप्सी का नाही हे मी विचारलं. एवढ्याशा गाठीत सुई नेमकी लागेलच असं नाही, आली ती निगेटिव्ह तरी विश्वास ठेवता येत नाही, शिवाय रक्तस्त्राव आणि सुईच्या वाटेवर कॅन्सर सांडण्याचा थोडा का होईना धोका. त्या तीन पेशींचा उल्लेख मीटिंगमध्ये झाला का? झाला म्हणे, आणि पुढे गेले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. एवढे दिवस मी त्या तिघींना उराशी धरून बसले होते आणि त्यांच्यासाठी ती फक्त एक नोंद.

एप्रिल ते जुलै हा काळ सगळ्यात अवघड गेला. दादाला आकडाच माहीत नव्हता, तो आरामात. मी मात्र दर खाज, दर ढेकर कॅन्सरच्या नावावर लावत होते. ज्यांना असं होतं त्यांनी चौकोनात होय करताना विचार करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला तेव्हा एकाच गोष्टीने बरं वाटायचं, पुढच्या तपासणीची तारीख आणि वेळ कॅलेंडरवर पक्की लिहिलेली असणं. "बघू नंतर" असं सांगून पाठवत असतील तर तिथून हलू नका, तारीख घेऊनच उठा.

जुलैची एमआरआय, गाठ १४ मिमी आणि आता काँट्रास्ट व्यवस्थित उतरत होता. लाय-रॅड्स पाच. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात, एकच गाठ, दोन सेंटिमीटरच्या आत, लिव्हरचं काम चांगलं, म्हणजे सगळ्यात पहिला टप्पा, ज्याला ते शून्य म्हणतात. मी रडले नाही, नवराच रडला.

अ‍ॅब्लेशन ऑगस्टमध्ये झालं. सोनोग्राफीत बघत बघत बाहेरून सुई गाठीत घालतात आणि मायक्रोवेव्हने ती गाठ भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट जाळतात. आधी प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), भूल देणाऱ्यांची तपासणी. सिऱ्होसिसमध्ये प्लेटलेट बहुतेकदा कमी असतात, माझ्या लाखाच्या वर होत्या म्हणून अडलं नाही. भूल दिली होती त्यामुळे आतलं काही आठवत नाही. नंतर उजवा खांदा दुखतो, पोट नाही खांदा, कारण लिव्हरच्या वरच्या पडद्याची नस आणि खांद्याची नस मानेत एकाच भागातून निघतात. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी हार्ट अटॅक समजून नर्सला उठवलं. चार-पाच दिवस बारीक ताप आणि प्रचंड थकवा, तोही अपेक्षित असतो, पण ताप चढत गेला किंवा थंडी वाजून आला तर लगेच फोन करायचा. हा खर्च विम्याने पूर्ण दिला, अ‍ॅडमिट होते म्हणून.

सप्टेंबरच्या एमआरआयमध्ये जाळलेली जागा नीट, कडेला काही उरलेलं नाही. तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, त्या तीन पेशींमुळे माझा कॅन्सर लवकर सापडला का? म्हणाले, नाही. तुम्ही अभ्यासात नसता तरी जानेवारी, एप्रिल, जुलै याच तारखा असत्या आणि याच तारखांना हेच सापडलं असतं. मग त्या पेशी कॅन्सरच्या होत्या का? बहुधा. पण हजार लोकांचे आकडे एकत्र आल्यावर "बहुधा" ची किंमत कळेल, तुमच्या एकटीच्या नाही. जावेच्या ग्रुपवर मात्र माझी गोष्ट "रक्ताच्या टेस्टने वाचली" अशी फिरतेय, मी दोनदा दुरुस्त केलं, आता सोडून दिलं.

हा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण मोठं आहे, पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत, कारण गाठ गेली तरी सिऱ्होसिस आणि व्हायरस तिथेच असतात. म्हणून टेनोफोव्हिर चालूच आणि सध्या दर तीन महिन्यांनी एमआरआय. डिसेंबरची स्वच्छ आली. त्याच वेळी अभ्यासाच्या ट्यूबही दिल्या आणि निकाल आला, चुंबक शून्य, फिल्टर एक. एक! कॅन्सर जळून गेल्यावर एक. यावेळी फोटो मागितला नाही. डॉक्टरांना विचारलं याने काही बदलतं का, त्यांनी मान हलवली, नाही. मी तो आकडा अभ्यासाच्या निळ्या फाइलमध्ये लावला आणि उपचाराच्या फाइलमध्ये त्याची नोंदही केली नाही, विम्याच्या लोकांना परत खाद्य नको.

दादाची सोनोग्राफी व्यवस्थित आहे. त्याचाही चौकोन दरवर्षी नव्याने विचारतात, तो अजून नाहीवरच आहे आणि मी आता त्याच्याशी वाद घालत नाही. माझी पुढची एमआरआय मार्चमध्ये. को-ऑर्डिनेटरला आत्ताच मेसेज करून ठेवलाय की त्या दिवशी आधी ट्यूब आणि मग काँट्रास्ट, म्हणजे एकाच फेरीत काम होईल आणि दुसऱ्यांदा टोचून घ्यायला नको.